सोळा मिलिमीटरची फळी

५ ऑक्टोबर

थोरले साडू यांस,

नमस्कार लिहायचा विचार नव्हता. तुमची मेहुणी डोक्यावर उभी राहिली म्हणून लिहिला.

आपलं बोलणं बंद आहे हे मला पक्कं आठवतं. जाहीर तुम्हीच केलंत, भर किनाऱ्यावर, दहा पोरांसमोर, मला 'कासवा' अशी हाक मारून. त्याआधी मी तुमच्या फळीला 'संडासाचं दार' म्हणालो होतो, तेही नाकारत नाही. पण आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या दर रविवारी भेटणारच, आणि तोंडी निरोप पोचवायला दोघींनी साफ नकार दिलाय. 'आम्ही काय टेलिफोनच्या तारा आहोत? लिहून द्या,' म्हणतात. बोलणं बंद आहे, लिहिणं बंद असं कोणी म्हटलेलं नाही. म्हणून ही चिठ्ठी. डिंकानं चिकटवली आहे, तपासून घ्या.

काम असं. मला नवी स्किमबोर्ड घ्यायची आहे. तुम्ही तिला घसरफळी म्हणता, म्हणा. ओल्या वाळूवरच्या बोटभर पाण्यात फेकायची, धावत जाऊन तिच्यावर उडी घ्यायची आणि घसरत येणाऱ्या लाटेपर्यंत जायचं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही करून दिलेल्या फळीवर मी शिकलो, मान्य. आता मी पळतो नीट, फेकतो नीट, तोलही जात नाही. फळी मात्र घोट्याएवढ्या पाण्यात पोचली की बसकण मारते. बाकीची मंडळी लाटेपर्यंत जातात, लाटेवर वळतात आणि लाटेबरोबर परत येतात. मी दोन वर्षांत एकदाही वळलेलो नाही. दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांच्या चष्म्याच्या काचा घासतो. त्रेचाळिसाव्या वर्षी मला एखादी गोष्ट पहिल्यांदा जमावीशी वाटली तर तो गुन्हा नाही.

३० नोव्हेंबरला किनाऱ्यावरच्या मंडळींचा मेळावा आहे. प्रत्येकाला तीन फेऱ्या, लाटेपर्यंत जाऊन परत यायचं. मी नाव दिलंय.

नवी कोरी, आत फोम आणि वर फायबरग्लासचं कवच असलेली फळी मी फक्त दुकानाच्या काचेतून बघतो, ती परवडत नाही. पातळ लाकडाची, नाक वर वळवलेली एक आहे. ती परवडते, पण वर्षभरात तीही अपुरी पडेल असं पोरं म्हणतात. आणि एक आहे फोमचीच, पण वापरलेली. नाकाला भोक पडलंय म्हणून स्वस्त. माझ्या अठ्ठ्याहत्तर किलोला मापात बसते.

फायबरग्लासच्या होड्या दुरुस्त करण्यात तुमची तीस वर्षं गेली. असं भोक बुजवता येतं का, एवढंच कळवा. सल्ला नको.

जाता जाता. काचा मोजायच्या कॅलिपरनं काल तुमची फळी मोजली. सोळा मिलिमीटर भरली. मला तुम्ही बारा सांगितली होती. पोरांच्या लाकडी फळ्या बाराच्या वर एकही नाही.

धाकटा साडू

१२ ऑक्टोबर

धाकटे साडू,

अनेक उत्तम आशीर्वाद लिहायची रीत आहे. तुला एक मध्यम आशीर्वाद.

सल्ला नको म्हणतोस, म्हणून आधी सल्लाच देतो. घेऊ नकोस. नवी नको, जुनी नको, लाकडाची नको, फोमची नको. नाचता येईना आणि अंगण वाकडं. माझ्या फळीत काय खोट आहे रे? होडीच्या तळाला लावतात तो प्लाय आहे तो, उरलासुरला नाही, चांगला बघून काढलेला. तीन हात वार्निश दिलंय. कडा अशा घासल्यात की गालावर फिरवलीस तर दाढी होईल. दोन वर्षं वाळूवर आपटतोयस, एक टवका उडालाय का दाखव.

सोळा मिलिमीटर म्हणे. ओली होऊन फुगली असेल. माणूस फुगतो, फळीनं काय घोडं मारलंय.

नवी फोमची फळी एखाद्या दगडावर गेली की तडकते. वळलेल्या नाकाची लाकडी तुला झेपायची नाही. आणि वापरलेली? मेलेल्या म्हशीला मणभर दूध. विकणारा काय सांगणार, आत पाणी मुरलंय, घेऊ नका म्हणून? नाकाला भोक आहे म्हणजे ती कुठंतरी आपटली, आपटली म्हणजे पाणी प्यायली. तशी फळी विकणाऱ्याच्या घराची शोभा वाढवते, तिथंच राहू दे.

आणि लाटेपर्यंत जाऊन तुला करायचंय काय? तिथं पाणी कमरेच्या वर असतं. लाट ओढते तेव्हा छातीला लागतं. तिथं तुझं काय ठेवलंय ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. घोट्याएवढं पाणी चांगलं आहे. पोरं हसतात तर हसू देत, हसण्यानं कोणी मरत नाही.

भोक बुजवता येतं का, विचारतोस. येतं. मी बुजवणार का, हे विचारलेलं नाहीस, त्यामुळे उत्तर देत नाही.

थोरला साडू

२६ ऑक्टोबर

थोरले साडू यांस,

होडीचा प्लाय भिजून चार मिलिमीटर फुगत असेल तर तुम्ही केलेल्या होड्यांत बसणाऱ्यांची मला काळजी वाटते. चारी कडा मोजल्या, सगळीकडे सारखीच. फुगलेलं लाकूड इतकं शिस्तीत फुगत नाही. तुम्ही मला जाड फळी दिलीत आणि बारा म्हणून सांगितलीत. का, ते तुमचं तुम्हाला माहीत.

फळी घेतली. वापरलेलीच घेतली. तुमची म्हैस मी स्वतः तपासली. अंगठ्यानं वीतवीत दाबत गेलो, कुठं मऊ लागत नाही. नाण्यानं टकटक केली, आवाज सगळीकडे एकसारखा. कड डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघितली, जशी मी काच बघतो, कुठं चुणी नाही. भोक अंगठ्याएवढं, त्याच्याभोवती कोरडं. पाणी प्यायलेली नाही.

विकणारी तरणतलावावरची पोहण्याची मास्तरीण आहे. तिनं मोठी फळी घेतली म्हणून ही काढली. वजन विचारलं, उंची विचारली, उडी मारताना पुढचा पाय कुठला ते विचारलं. मग म्हणाली, 'पोहता येतं ना तुम्हाला?' मी म्हणालो, 'म्हणजे काय!' झालं. तुमच्या मागच्या चिठ्ठीतल्या त्या एका वाक्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. तुम्हीही पुन्हा लिहू नका. ती गोष्ट तुम्ही कुठंही काढणार नाही असा शब्द दिला होतात, दहा वर्षांपूर्वी. चिठ्ठ्या बायकांच्या पिशवीतून जातात याचं भान ठेवा.

फळी सोबत पाठवतोय. भोक तुम्हीच बुजवायचं. दुसरा माणूस मला माहीत नाही, असता तर तुमच्या दारात आलो नसतो. एक गोष्ट नीट वाचा. मास्तरणीनं दोनदा बजावलंय. आतला फोम म्हणजे थर्माकोलच आहे. भोक बुजवायला होडीचं नेहमीचं रेझिन त्याला चालत नाही, ते थर्माकोल खाऊन टाकतं. इपॉक्सी रेझिनच लागतं. होडीचं रेझिन लावू नका. खाली रेघ मारली आहे.

वेळ कमी आहे. मेळाव्याला पाच रविवार उरलेत.

धाकटा साडू

९ नोव्हेंबर

धाकटे साडू,

फळी पाठवली आहे. भोक बुजवलं, घासलं, चकाकी आणली. कुठं होतं ते शोधून दाखव.

तुझ्या सूचना वाचल्या नाहीत. चष्मा सापडत नव्हता. होड्यांना तीस वर्षं जे लावतोय तेच लावलं. पोहण्याच्या मास्तरणीनं मला रेझिन शिकवायचं म्हणजे कोंबडीनं बदकाला पाण्याची वाट दाखवायची.

थोरला साडू

१६ नोव्हेंबर

थोरले साडू यांस,

चष्मा सापडत नव्हता! तुम्हाला दोन चष्मे मी स्वतः करून दिलेत, एक शेडमध्ये ठेवायला आणि एक घरी. दोन्ही एकदमच हरवले का?

काय झालं ते ऐका. फळी आली तेव्हा दिसायला आरसा होती. भोक खरंच सापडलं नाही. शनिवारी किनाऱ्यावर नेली. पहिल्या फेरीला मी ज्या जागी दोन वर्षं थांबतोय ती जागा कधी मागे गेली कळलंच नाही. पाणी पोटरीपर्यंत होतं आणि फळी अजून चालत होती. दुसऱ्या फेरीला आणखी पुढे. समोर लाट उभी राहिलेली दिसली, तिच्या आतली वाळू दिसली. मला दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमणार. तिसऱ्या फेरीला उडी मारली आणि पुढच्या पायाखाली नाक दबलं, पत्र्याच्या डब्याचं झाकण दबतं तसं. कवच फुटलं. मी तोंडावर आपटलो, नडगी सोलवटली, वाळू दातांत गेली. पोरांनी उचलून बसवलं. हसलं कोणी नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मास्तरणीनं चिमटीनं तो तुकडा उचलला. आत फोम नव्हताच. मुठीएवढी पोकळी होती, कडा वितळलेल्या. तिनं हुंगून बघितलं आणि म्हणाली, 'होडीचं रेझिन. मी सांगितलं होतं ना?'

जळता तुम्ही माझ्यावर. दुसरं कारण नाही. घरातला एक माणूस बावन्नाव्या वर्षी शेडमध्ये खोकतोय आणि दुसरा किनाऱ्यावर पळतोय, हे तुम्हाला बघवत नाही. संडासाचं दार म्हणालो ते कमी म्हणालो.

मला एकच कळवा. तीस वर्षांचा कारागीर ही चूक करत नाही. म्हणजे एकतर तुम्ही कारागीर नाही, नाहीतर ही चूक नाही. दोन्हीपैकी कोणतं?

फुटकी फळी परत पाठवतोय. शेडच्या दारावर टांगा, गिऱ्हाइकांना तुमचं काम दिसू दे.

धाकटा साडू

२३ नोव्हेंबर

धाकटे साडू,

ही चूक नाही.

तुझी चिठ्ठी चष्मा लावून वाचली होती. रेघही बघितली. इपॉक्सीचा डबा शेडमध्ये होता, होडीच्या रेझिनच्याच मांडणीवर, हाताच्या अंतरावर. मी दुसरा डबा उचलला. भोक बुजवून वर हात ठेवला तेव्हा आत थर्माकोल चुरचुरताना ऐकू येत होता. कोणाची वस्तू मी जाणूनबुजून नासवली अशी ही पहिलीच वेळ. मग पुढे दोन दिवस मी तिला चकाकी आणत बसलो. लाज वाटली, पण थांबलो नाही. नाक तू हातात धरशील, दाबशील, तुला तिथंच कळेल, असा हिशोब होता. काचवाला आहेस, सगळं दाबून बघतोस. ही एकदाच बघितली नाहीस. माझं काम म्हणून बघितली नाहीस. नडगीचं कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

आता शब्द मोडतो. तू चिठ्ठीत लिहू नको म्हणालास, मी लिहिणार. तुला पोहता येत नाही. सासऱ्यांसमोर खाडी पोहून पार केल्याची थाप मारून लग्न जमवलंस आणि सोळा वर्षं ती थाप ओढतोयस. दहा वर्षांपूर्वी दुरुस्त केलेली होडी बघायला माझ्याबरोबर खाडीच्या तोंडाशी आलास, टोकावर उभा राहून मिरवायला गेलास आणि पडलास. घरी आपण सांगितलं, धक्क्यावर पाय घसरून भिजला. तू माझा हात धरून म्हणालास, 'तुम्ही उडी मारलीत म्हणून मी आहे.'

मी उडी मारली नाही. तुला वर ओढताना छातीपर्यंत भिजलो, म्हणून तुला तसं वाटलं. मी ते तुला वाटू दिलं.

मी उडी मारली नाही, कारण मलाही पोहता येत नाही. आमचा बाप म्हणायचा, होडी अशी करावी की होडीवाल्याला पोहायची वेळ येऊ नये. त्यानं मला होडी शिकवली, पाणी शिकवलं नाही. पुढे एवढा मोठा झालो की विचारायची सोय राहिली नाही. मी बांबू टाकला. पहिल्यांदा तुला तो दिसलाच नाही. दुसऱ्यांदा हाताला लागून निसटला. तिसऱ्यांदा तू धरलास. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेच्या मध्ये मी होडीत उभा होतो. तुझं डोकं खाली जाताना बघत नुसता उभा होतो.

म्हणून सोळा मिलिमीटर. तू फळी मागितलीस तेव्हा मी तीन केल्या होत्या आणि पहाटे किनाऱ्यावर कोणी नसताना तिन्ही फेकून बघितल्या. बारावाली फार पुढे जात होती. चौदावाली गुडघ्यापर्यंत. सोळावाली घोट्यापाशी बसायची. नाक सपाट ठेवलं तेही त्याचसाठी. तुला मी फळी दिली नव्हती, कुंपण दिलं होतं. पुढच्या वेळी मी किनाऱ्यावर असेन आणि माझ्या हातात बांबू नसेल, हे दोन वर्षं माझ्या डोक्यात आहे.

मास्तरणीकडे जाऊन आलो. वितळलेला भाग कसा कापायचा, नवा फोम कसा बसवायचा, ते उभ्याउभ्या शिकून घेतलं. ती पोरगी मला एकही शिवी न देता शिकवत होती, ते जास्त लागलं. तुझी फळी आता खरोखर दुरुस्त आहे. वाटीभर जड झालीय, बाकी चोख. शेडमध्ये टांगली आहे. पोहून दाखव आणि घेऊन जा. नाही दाखवलंस तर करवतही शेडमध्येच आहे.

मला कारागीर म्हण नाहीतर म्हणू नकोस.

थोरला साडू

७ डिसेंबर

थोरले साडू यांस,

तुमची चिठ्ठी तीनदा वाचली. तिन्ही वेळा राग आला, दर वेळी वेगळ्या वाक्याला.

मेळाव्याला गेलो होतो. संडासाचं दार घेऊन गेलो. तीन फेऱ्या केल्या आणि तिन्ही वेळा ती तुम्ही ठरवून दिलेल्या जागी बसली. तुमचं माप चुकत नाही, हे लिहायला हात होत नाही, पण खरं आहे. तिसऱ्या फेरीनंतर मी तिथंच उभा राहिलो. पाणी घोट्याला. समोर लाट फुटली आणि तिच्यात एक पोरगी उलटीपालटी झाली, दिसेनाशी झाली, मग हसत वर आली. तिच्या जागी मी असतो तर काय, हे दोन वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तुमच्या चिठ्ठीनंतर ते आलं. तुम्ही आला नव्हतात, तरी किनाऱ्यावर उभे दिसलात मला. नुसते उभे.

तुम्हाला माफ केलेलं नाही. खोटं माप सांगितलंत, माझी फळी नासवलीत, दहा वर्षं माझ्याकडून उगाच उपकार मानून घेतलेत. मुख्य म्हणजे, शिक, एवढा एक शब्द तोंडानं बोलला असतात तर प्लाय वाचला असता. पण बांबू तुम्ही तिसऱ्यांदाही टाकलात. तेवढं मी मोजलंय, आणि मोजण्यात मी चुकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मास्तरणीला खरं सांगितलं. म्हणाली, आधी कळलं असतं तर फळी विकलीच नसती.

घरातही लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. डिंक वगैरे फुकट गेला. आपल्या दोघांच्या बायका पहिल्या चिठ्ठीपासून सगळ्या चिठ्ठ्या चहाच्या वाफेवर उघडून वाचत होत्या. माझी म्हणते, थाप ऐकली त्याच वर्षी कळलं होतं. खाडी पार केलेला माणूस तोंडावर तांब्या ओतताना नाक दाबून धरत नाही. तुमचीही तुमच्याबद्दल असंच काहीतरी म्हणते. ते तिलाच विचारा.

तरणतलावावर मोठ्या माणसांचा वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी सहाला. पहिले पंधरा दिवस कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून नुसता श्वास सोडायचा असतो. मी दोन नावं दिली आहेत. दुसरं कोणाचं, ते सांगायला नको. फळी तोवर टांगलेली राहू दे, करवत मात्र लांब ठेवा. पाण्यावर कोण आधी तरंगतो ते बघू. तुम्ही आधी तरंगलात तर संडासाच्या दाराबद्दल माफी मागेन, लेखी.

आपलं बोलणं बंद आहे ते बंदच राहू दे. मास्तरीण म्हणते, पाण्यात तोंड मिटून ठेवायचं असतं, तेव्हा काही अडचण येणार नाही. मंगळवारी वेळेवर या.

धाकटा साडू